बंदूक ऑनलाइन, पण ताबा दुकानातच: अमेरिकेतल्या दुकानदाराचा एक हिशेब



गिऱ्हाईक दुकानात येतं. वस्तू हातात घेतं, उलटीपालटी करून बघतं, दोन प्रश्न विचारतं, भाव विचारतं. मग खिशातून मोबाईल काढतं. पुढचं वाक्य तुम्हाला आणि मला, दोघांनाही पाठ आहे. "ऑनलाइन तर एवढ्याला मिळतंय की."

माझं कराडला पॉवर टूल्स आणि शेतीच्या छोट्या मशीनचं दुकान आहे. ड्रिल, ग्राइंडर, फवारणी पंप, गवत कापायची मशीन, पाण्याच्या मोटारी. हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. सुरुवातीला चिडायचो. मग "मग तिकडूनच घ्या" म्हणायचो. मग काही दिवस गप्प बसून बघितलं. या तिन्ही उपायांनी गल्ल्यात एक रुपया वाढला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आज ज्या दुकानाबद्दल लिहितोय ते आपल्याकडचं नाही. अमेरिकेतलं बंदुकीचं दुकान आहे. दचकू नका. बंदूक चांगली की वाईट, तिकडचा कायदा बरोबर की चूक, हा आपला विषय नाही. आपण दुकानदार माणसं, आपण गल्ला बघू. कारण "लोकल दुकानाचा भाव आणि ऑनलाइनचा भाव" हे भांडण तिथे फार वेगळ्या पद्धतीने लढलं जातं. तिथे ऑनलाइन घेतलेला माल गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. तो त्याच लोकल दुकानात येतो, जिथून त्याने तो घेतलेला नाही.

माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो. त्याच्या ऑफिसातला एक जण हरणाच्या शिकारीला जातो. त्याने इंटरनेटवरून रायफल मागवली आणि ती घ्यायला जाताना याला सोबत नेलं. भाऊ व्हिडिओ कॉलवर हसत सांगत होता, "अरे, तीच रायफल त्या दुकानात भिंतीवर टांगलेली होती. जास्त किमतीची चिठ्ठी लावून. आणि मालक याच्या पार्सलचा खोका फोडून याचेच कागद भरून घेत होता. चेहऱ्यावर आठी नाही."

मी हसलो नाही. कारण त्याच्या दोन महिने आधी मी एका माणसाला दुकानातून परत पाठवलं होतं. ते पुढे सांगतो.

पार्सल दुकानात का येतं?

एकेकाळी अमेरिकेत बंदूक पोस्टाने घरी यायची. सिअर्ससारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये कपडे, भांडी आणि बंदुका शेजारी शेजारी छापलेल्या असायच्या. कूपन कापा, पैसे पाठवा, माल घरपोच. १९६३ साली ली हार्वी ऑस्वाल्ड नावाच्या माणसाने मासिकातली जाहिरात बघून शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून टपालाने रायफल मागवली. दुर्बीण बसवलेल्या रायफलचे १९.९५ डॉलर आणि पाठवणीचे दीड डॉलर, एकूण २१.४५. नावही खोटं दिलेलं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली, आणि तपासात ती रायफल सापडली. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'गन कंट्रोल ॲक्ट' आला. दुसऱ्या राज्यातून सामान्य माणसाच्या घरी थेट बंदूक पाठवणं बंद झालं.

आता पद्धत अशी आहे. वेबसाइटवर पैसे भरा, पण बंदूक जाणार ती परवानाधारक दुकानदाराकडे. त्या परवान्याला तिकडे एफएफएल म्हणतात. दुकानदार पार्सल आपल्या वहीत जमा करून घेतो. गिऱ्हाईक येतं, ओळखपत्र दाखवतं, ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरतं. मग दुकानदार १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'एनआयसीएस' या यंत्रणेकडून त्या माणसाची पार्श्वभूमी तपासून घेतो. "पुढे जा", "थांबा" किंवा "नाही" असं उत्तर येतं. "पुढे जा" आलं की खोका हातात. या सगळ्या कामाचे दुकानदार पैसे घेतो, त्याला म्हणतात ट्रान्स्फर फी. साधारण २० ते ५० डॉलर, दुकानागणिक वेगळी. काही ठिकाणी त्याहून जास्त.

म्हणजे दुकानदार हा नाका आहे. माल कुणाकडूनही घ्या, वाट त्याच्या दारातून जाते. (आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून परवाना काढावा लागतो, मग परवानाधारक विक्रेत्याकडे जायचं.)

तुम्ही म्हणाल, मग काय, मजाच आहे त्यांची. थांबा. नाक्यावर बसलेल्या माणसालाही पोट असतं, आणि ३०-४० डॉलर फीवर अमेरिकेत दुकान चालत नाही. खरी लढाई किमतीचीच आहे.

हातात पडेपर्यंत किती?

आता कागद-पेन घ्या. आकडे मी हिशेबासाठी धरलेत, पण बाजाराला धरून आहेत.

रायफल दुकानात ५४९ डॉलरला. वेबसाइटवर ४९९ ला. फरक ५० डॉलर. गिऱ्हाइकाच्या डोक्यात हा एकच आकडा फिरत असतो, ५०. वेबसाइटचं सगळं यश या एका आकड्यावर उभं असतं, कारण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात तोच दिसतो.

आता टेक्ससचा विक्रीकर. राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक जास्तीत जास्त २, म्हणजे ८.२५ टक्के धरू. पूर्वी बाहेरच्या राज्यातला ऑनलाइन विक्रेता हा कर लावायचाच नाही आणि तिथेच लोकल दुकानदार मार खायचा. २०१८ मध्ये 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बाहेरच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही हा कर घ्यायची मुभा दिली. तेव्हापासून ही पळवाट बरीचशी बुजली.

तर दुकानातली रायफल करासकट ५९४.२९ डॉलर.

ऑनलाइन रायफल ४९९, पाठवणी १५, दोन्हींवर कर, झाले ५५६.४१. वर दुकानदाराची ट्रान्स्फर फी ३० डॉलर. एकूण ५८६.४१.

फरक किती उरला? ७ डॉलर ८८ सेंट.

पन्नासाचे आठ झाले. फी ४० असती तर दुकान स्वस्त पडलं असतं. आणि या आठ डॉलरसाठी गिऱ्हाइकाने काय सोडलं? आधी खांद्याला लावून बघणं सोडलं. पार्सलची वाट बघितली. ताबा घेतल्यावर रायफल आवडली नाही तर परत द्यायची सोय जवळपास नाही, कारण एकदा नावावर झाली की ती 'वापरलेली' धरली जाते. तपासणीत "नाही" आलं तर माल परत पाठवायचा खर्च, वर वेबसाइटवाल्याची कपात.

हे सगळं खरं आहे. पण इथेच बरेच दुकानदार स्वतःला फसवतात, तिकडचे आणि इकडचेही. असा एक हिशेब मांडून "बघा, ऑनलाइन स्वस्त नसतंच" म्हणून मोकळे होतात. असं नाही हो. ऑनलाइन कधी कधी खरंच स्वस्त असतं, आणि बरंच स्वस्त असतं. दोनशे डॉलरचा फरक असेल तर पाठवणी आणि फी जाऊनही गिऱ्हाइकाचा फायदा उरतो. जुनी, दुर्मीळ बंदूक लोकल दुकानात मिळणारच नाही; 'गनब्रोकर'सारख्या लिलावाच्या साइटवरच मिळेल. तिथे लोकल दुकानाने लढायचंच नसतं.

काडतुसांचं गणित तर आणखी उलटं. ती अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरपोच मिळतात, दुकानदाराचा नाका मधे नाही. वरवर बघता ऑनलाइनवाल्याचा विजय. पण ९ एमएमची हजार काडतुसं म्हणजे सुमारे १२ किलो वजन. एक खोका मागवला तर पाठवणीच जड जाते. मोठा लॉट घेतला तरच परवडतं. म्हणून एक-दोन डब्या हव्या असलेला माणूस दुकानात येतो आणि पेटी हवी असलेला ऑनलाइन जातो. एकच वस्तू, पण दोन वेगळी गिऱ्हाइकं. बीबीएला असताना हे आम्हाला पुस्तकातल्या तक्त्यात शिकवलं होतं. परीक्षेत मार्क मिळाले, डोक्यात शिरलं मात्र दुकानात बसल्यावर.

फीच्या पाटीवरून मालक ओळखावा

मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट किंमत नाही, ट्रान्स्फर फी आहे. कारण ही फी ठरवताना दुकानदाराचा स्वभाव उघडा पडतो.

एक दुकानदार असतो, ज्याला राग आलेला असतो. "माझ्याकडून घेतली नाहीस ना, मग भर दंड." तो ७५ किंवा १०० डॉलर लावतो, किंवा सरळ सांगतो, आम्ही बाहेरच्या बंदुकांचं काम करत नाही. हक्क आहे त्याचा. पण गिऱ्हाईक काय करतं? पंधरा मिनिटं गाडी चालवून पुढच्या दुकानात जातं आणि या दुकानाचं नाव मित्रांना सांगतं, चांगल्या अर्थाने नव्हे.

दुसरा दुकानदार फी कमी ठेवतो आणि पाटीवर लावतो. त्याचा विचार असा की तपासणीचं उत्तर यायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी बराच वेळ. तेवढा वेळ हा माणूस माझ्या दुकानात उभा आहे. त्याच्याकडे नवी रायफल आहे. तिला साफ करायचं सामान लागणार, पट्टा लागणार, कानाला लावायचे मफ लागणार, दुर्बीण लागणार, ती बसवून देणारा माणूस लागणार. नव्या बंदुकीवर तिकडच्या लहान दुकानदाराला फार सुटत नाही, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे. मोठी वेबसाइट ज्या भावाला विकते, त्याच्या आसपासच्या भावाला लहान दुकानदाराला घाऊक माल मिळतो. त्याचं पोट भरतं ते वर सांगितलेल्या सामानावर, जुन्या बंदुकांच्या खरेदी-विक्रीवर आणि दुरुस्तीवर.

म्हणजे ज्या वस्तूच्या भावावरून तो भांडणार होता, त्या वस्तूत त्याचा नफा नव्हताच.

तरीही फी फुकट नसावी. ते काम जोखमीचं आहे. फॉर्मवर चूक राहिली, वहीत नोंद चुकली, तर सरकारी तपासणीत परवान्यावर येतं. कागद वर्षानुवर्षं जपावे लागतात. हा परवाना पहिल्या तीन वर्षांसाठी २०० डॉलरला मिळतो, नंतर दर तीन वर्षांनी ९० डॉलर. म्हणजे परवाना महाग नाही, त्याची जबाबदारी महाग आहे. म्हणून शहाणा दुकानदार फी घेतो, पण ती आपल्या कामाची घेतो. गिऱ्हाइकाच्या चुकीची शिक्षा म्हणून घेत नाही.

आता माझी गोष्ट

दोन वर्षांपूर्वीचा जून. पाऊस सुरू झालेला, बांधावर गवत वाढलेलं, गवत कापायच्या मशीनचा सीझन. कराडजवळच्या एका गावचे काका आले, साठीच्या आसपासचे. टेम्पोतून एक खोका उतरवला. ऑनलाइन मागवलेलं ब्रश कटर. मशीन सुट्ट्या भागांत होतं. इंजिन वेगळं, दांडा वेगळा, पातं वेगळं, सोबत इंग्रजी पुस्तिका. म्हणाले, "मालक, एवढं जोडून द्या. काय असतील ते पैसे घ्या."

आणि मी काय म्हणालो? "जिथून घेतलं त्यांना विचारा, काका."

त्यांना मी ओळखत होतो. मागच्या वर्षी ते माझ्याकडेच आले होते, याच मशीनचा भाव विचारून गेले होते. मी ९,८०० सांगितलं होतं. त्यांना ते ७,९०० ला मिळालं. माझ्या डोक्यात १,९०० रुपये फिरत होते. काका काही बोलले नाहीत. खोका उचलायला मुलाला हाक मारली आणि गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्याच गावातला एक पोरगा कार्बन ब्रश घ्यायला आला आणि सहज बोलला, काकांचं मशीन जाम झालं. घरी कसंतरी जोडलं, टाकीत साधं पेट्रोल भरलं आणि चालवलं. टू-स्ट्रोक इंजिन होतं ते. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, मशीनप्रमाणे लिटरला २५ ते ४० मिली. ऑइलशिवाय चालवलं की पिस्टन सिलिंडरला धरतो. सात-आठ हजारांच्या मशीनमध्ये पिस्टन-सिलिंडर गेल्यावर दुरुस्तीचा खर्च ऐकूनच माणूस गप्प होतो.

दहा सेकंदांचं वाक्य होतं. "काका, ऑइल मिसळल्याशिवाय चालू करू नका." मशीन जोडून नसतं दिलं तरी एवढं सांगता आलं असतं.

त्या रात्री जेवताना अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. दुकान त्यांनी सुरू केलेलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "गिऱ्हाइकानं दुसरीकडनं घेतलं म्हणून तू रागावलास. पण तो खोका घेऊन तुझ्याच दारात आला होता. दुसरीकडं जायला त्याला जागा होती का?"

मग मावसभावाचा तो व्हिडिओ कॉल आला. नाक्यावर बसलेला दुकानदार, भिंतीवर तीच रायफल आणि चेहऱ्यावर आठी नाही.

फी कशी काढली

माझ्याकडे कायद्याने दिलेला नाका नाही. ऑनलाइन मशीन कराडला कुणाच्याही घरी जातं. पण ते जोडायला, पहिल्यांदा चालू करायला, नंतर दुरुस्त करायला माणूस लागतो. तो नाका आहे, फक्त मी त्यावर पाटी लावली नव्हती.

दर किती ठेवायचा? इथे बहुतेक जण शेजारच्याला विचारतात किंवा तोंडाला येईल तो आकडा सांगतात. मी दुकानाचा एका तासाचा खर्च काढला. भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट-नेट, किरकोळ धरून महिन्याचे साधारण ५२,०००. महिन्यात २६ दिवस, रोज १० तास, म्हणजे २६० तास. ५२,००० भागिले २६०, तासाला २०० रुपये. माझा स्वतःचा पगार यात नाही, हे लक्षात ठेवा. तो विसरणं हा आपल्या सगळ्यांचा जुना रोग आहे.

ब्रश कटर जोडायला पाऊण तास लागतो. दुकानाचा खर्च १५० रुपये. ऑइल-पेट्रोल मिसळून दाखवायचं, चालू करून द्यायचं, बंद कसं करायचं ते शिकवायचं, आणि आठ दिवसांत जोडणीत काही ढिलं झालं तर परत बघायचं. हे सगळं धरून दर ठरवला ३५० रुपये. पाटी लावली: "कुठूनही घेतलेलं मशीन जोडून, चालू करून, शिकवून मिळेल. ३५० रुपये. आमच्याकडून घेतल्यास मोफत."

या पाटीने दोन कामं केली. एक तर ऑनलाइनवालं गिऱ्हाईक संकोच न करता यायला लागलं. आणि दुसरं, ज्याने अजून घेतलेलं नाही त्याला पहिल्यांदा दिसलं की माझ्या ९,८०० मध्ये नुसतं मशीन नाही. आधी मी तोंडाने "सर्व्हिस देतो" म्हणायचो. सर्व्हिस सगळेच देतो म्हणतात. तिच्यासमोर आकडा लिहिल्यावर तिला किंमत आली.

पण खरं सांगायचं तर ९,८०० आणि ७,९०० मधला फरक ३५० ने भरत नाही. उरलेल्या १,५५० चं काय? मी बिलं काढून बसलो आणि जे दिसलं ते लाजिरवाणं होतं. ते मशीन मला डिस्ट्रिब्युटरकडून पडत होतं ८,३०० ला. म्हणजे माझी खरेदीच ऑनलाइनच्या विक्रीपेक्षा ४०० ने जास्त! मी मार्जिन शून्य केलं असतं तरी हरलो असतो. दोन सीझन मी ही लढाई लढत होतो आणि कधी हा साधा हिशेब केला नव्हता. बीबीए झालेला माणूस, लोकांना शिकवणारा.

ते मॉडेल मी बंद केलं. नवीन दुकान टाकणाऱ्या प्रत्येकाला आता मी हेच सांगतो की माल भरण्याआधी तुमचा खरेदीचा भाव आणि ऑनलाइनचा विक्रीचा भाव शेजारी शेजारी लिहा. खरेदी वर असेल तर ती वस्तू रॅकवर ठेवू नका. पैसे अडकतील आणि मन रोज खट्टू होईल. त्याऐवजी अशी मशीन घेतली ज्यांचे कार्ब्युरेटर, स्टार्टरची दोरी, क्लच मला पुण्याहून दोन दिवसांत मिळतात. ती ऑनलाइनपेक्षा थोडी महाग विकतो, अजूनही. घासाघीस होते. काही गिऱ्हाइकं जातात.

सगळंच जमलं असंही नाही. पाण्याच्या मोटारीसाठी असाच दर लावून बघितला, फसला. मोटर बसवायला विहिरीवर जावं लागतं, निम्मा दिवस जातो, आणि ऑनलाइन मोटर कमी अश्वशक्तीची निघाली की पाणी चढत नाही आणि दोष बसवणाऱ्याच्या माथी. दोन भांडणं झाल्यावर ते काम बंद केलं. पाटी लावण्याआधी बघा की बिघडलेल्या मालाची जबाबदारी तुमच्या गळ्यात तर पडत नाही ना. अमेरिकेतला दुकानदारही पार्सल उघडून गिऱ्हाइकाला आधी बघू देतो. मालात काही खोट दिसली तर ते गिऱ्हाईक आणि वेबसाइट बघून घेतील. मीही आता मशीन जोडण्याआधी खोका गिऱ्हाइकासमोर फोडतो, मोबाईलवर दोन फोटो काढतो, आणि पावतीवर लिहितो: "फक्त जोडणी. मशीनची वॉरंटी विक्रेत्याकडे."

मागच्या सीझनला, जून ते सप्टेंबर, बाहेरून घेतलेली ४१ मशीन माझ्याकडे जोडणीला आली. जोडणीचे झाले १४,३५०. हा आकडा मोठा नाही, ठाऊक आहे. पण त्याच लोकांनी जाताना नेलेलं टू-स्ट्रोक ऑइल, नायलॉनची दोरी, जादा पातं, गॉगल यांचं बिल मी वेगळ्या वहीत लिहीत गेलो होतो, आणि ते जोडणीच्या दुपटीहून वर गेलं. तुम्ही सुरू केलं तर ही वेगळी वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. नाहीतर "लोक येतात, गर्दी असते" एवढंच सांगता येईल आणि त्या गर्दीतून काय सुटलं ते कळणार नाही.

ते काका? मीच त्यांच्या गावी गेलो, पाटी लावल्यावर महिन्याभराने. मशीन गोठ्यात पोत्याखाली पडलं होतं. उचलून दुकानात आणलं, पिस्टन-सिलिंडरचा सेट घातला, सामानाचेच पैसे घेतले. द्यायला गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला. काकांनी टाकी उघडून वास घेतला आणि विचारलं, "ह्यात ऑइल टाकलंय न्हवं?"